घर कुणाचं? भाड्याची खोली आणि ईशावास्याचा पहिला मंत्र



आजच्या चिंतनाला ईशावास्य उपनिषदाचा पहिला मंत्र घेतलाय. अवघ्या अठरा मंत्रांचं हे उपनिषद, मोबाईलच्या दोन-तीन स्क्रीनमध्ये मावेल एवढं. पण पहिल्याच मंत्रापाशी माणूस अडकून पडतो. साध्या मराठीत त्याचं म्हणणं तीन गोष्टींत सांगता येईल. या हलत्या-चालत्या जगात जे काही आहे, त्या सगळ्यात ईश्वराचा वास आहे. म्हणून उपभोग घे, पण सोडून देत घे. आणि धनाचा लोभ धरू नकोस. या शेवटच्या तुकड्याचा अजून एक अर्थ लावला जातो, तो प्रश्नासारखा आहे: हे धन मुळात आहे तरी कुणाचं?

गांधीजी जानेवारी १९३७ मध्ये त्रावणकोरच्या दौऱ्यावर होते. दोनच महिन्यांपूर्वी तिथली मंदिरं सगळ्या जातींना खुली झाली होती. त्या दौऱ्यात सभेमागून सभेत ते याच मंत्रावर बोलत राहिले. विनोबांनी पुढे या उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ति' लिहिली. म्हणजे हा मंत्र फक्त डोळे मिटून बसण्यासाठी नाही. जमीन, पैसा, घर, माणसामाणसांतले व्यवहार, सगळीकडे तो लावून पाहायची रीत आपल्याकडे आहेच.

मी आज तो एका फार साध्या ठिकाणी लावून पाहणार आहे. भाड्याच्या खोलीला.

हा विषय निवडायचं कारण सांगतो. आपल्यातले बरेच जण पुण्यात, मुंबईत, नागपुरात, संभाजीनगरात भाड्यानं राहतात. आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या आईवडिलांनी गावाकडे एखादी खोली, एखादा मजला भाड्यानं दिलेला असतो. म्हणजे आपण इथे भाडेकरू आणि तिथे घरमालक. माझंही तसंच आहे. मी पुण्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि शेगावला आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं असतात. शेगावला १९८३ पासून संत गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे, वर्षभर दर्शनाला येणारे भक्त आहेत, नोकरीनिमित्त बदलून येणारी माणसं आहेत. त्यामुळे खोलीला माणूस मिळायला अडचण येत नाही. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून हा व्यवहार माझ्याकडे आलाय. भाडं कुणाला द्यायचं, करार, दुरुस्ती, सगळं फोनवरून.

गंमत अशी की एकाच दिवसात माझी दोन तोंडं बोलत असतात. सकाळी पुण्याच्या मालकाला मी म्हणतो, "काका, गळतीचं कधी बघताय? भिंतीला ओल आली आहे." आणि संध्याकाळी शेगावहून फोन आला की, "बाबा, आता कुठे प्लंबर लावता, दिवाळीनंतर बघू." दोन्ही वाक्यं माझीच. फरक एवढाच की एका ठिकाणी छत माझ्या डोक्यावर आहे आणि दुसऱ्या ठिकाणी माझ्या नावावर.

मालक म्हणजे नेमकं काय?

कागदावर उत्तर सोपं आहे. नगरपालिकेत नोंद आहे, मालमत्ता पत्रक आहे, घरपट्टीची पावती आपल्या नावावर येते. मंत्र हे कागद फाडून टाका असं म्हणत नाही. घर विकत घेऊ नका, भाडं घेऊ नका, असंही म्हणत नाही. उलट उपभोग घे असंच तो सांगतो. तो फक्त 'माझं' या शब्दाच्या आधी एक मोठा मालक उभा करतो.

मंत्रातल्या पहिल्याच पदाची फोड इथे उपयोगी पडते. त्यातला 'वास' आपण सहज 'राहणं' असा घेतो. शंकराचार्यांनी मात्र भाष्यात त्याचा अर्थ आच्छादन, म्हणजे झाकणं, पांघरूण घालणं, असा घेतला आहे. जगाला ईश्वरभावानं झाकून घ्यायचं. मला दोन्ही अर्थ एकत्र धरावेसे वाटतात. घर म्हणजे तरी काय? राहण्याची जागा आणि डोक्यावरचं आच्छादन. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या डोक्यावरचं छत आहे, त्याच्याकडे ईश्वराच्या कामातला एक छोटासा तुकडा आलेला आहे. गांधीजी याला विश्वस्त होणं म्हणायचे. विश्वस्त मालमत्ता सांभाळतो, वापरतो, हिशेब ठेवतो, पण ती आपल्याच मर्जीसाठी आहे असं धरून चालत नाही.

आता हे ऐकायला छान आहे. पण घरमालक म्हणून मला उद्या सकाळी काय करायचं आहे, ते यातून कळतं का? पूर्ण कळत नाही. भाव कळतो, पण कृती शिकावी लागते.

हे शिकवता येतं?

जगात काही शहरांनी घरमालकांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली, हे वाचून मला आधी हसू आलं होतं. अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९८९ पासून घरमालकांसाठी प्रशिक्षण सुरू झालं आणि नंतर इतर शहरांनी तसे वर्ग काढले. काही शहरं तर वर्गाला बसलात की परवान्याच्या फीमध्ये सवलत देतात. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१४ चा गृहनिर्माण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०१५ पासून 'रेंट स्मार्ट वेल्स' सुरू झालं. तिथे घर भाड्यानं देणाऱ्यानं नोंदणी करायची, आणि घराचा कारभार स्वतःच बघणार असेल तर प्रशिक्षण घेऊन परवाना काढायचा. परवाना पाच वर्षांचा. गाडी चालवायला जसं लायसन्स लागतं, तसं भाडेकरू ठेवायलाही लागतं म्हणा ना.

आपल्याकडे असे वर्ग नाहीत. पण घरमालकानं कसं वागावं याचे धडे आपल्या कायद्यात आहेत, फक्त ते कुणी वाचत नाही. आपल्या विदर्भात आधी १९४९ चा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश चालायचा. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय करार लेखी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू अटी काय सांगतो त्याला वजन मिळतं. याच कायद्यात भाड्याची लेखी पावती द्यायची आहे, घर राहण्याजोगं ठेवायचं आहे, आणि भाडेकरूचं पाणी-वीज सबळ कारणाशिवाय तोडायचं नाही, हेही आहे.

२ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, राज्यांनी तो स्वीकारावा म्हणून. त्यात राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. मालकाला खोलीत यायचं असेल तर चोवीस तास आधी कळवायचं. भिंतींचा रंग, वायरिंग, पाइप बदलणं हे मालकाकडे आणि नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी असली किरकोळ कामं भाडेकरूकडे, अशी वाटणीसुद्धा परिशिष्टात दिली आहे. पुण्यात अनामत भरताना ज्यांच्या खात्यात खडखडाट झाला, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको.

आणि प्रोत्साहनाचं म्हणाल तर एक मोठं प्रोत्साहन आपल्याकडे आहेच, फक्त त्याला कुणी त्या नावानं ओळखत नाही. आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. समजा घरपट्टी जाऊन वर्षाला ९०,००० रुपये भाडं उरलं, तर २७,००० वर कर नाही. ही वजावट घराच्या डागडुजीसारख्या खर्चांपोटी आहे असं मानलं जातं. पण डागडुजी केली का, हे कुणी विचारत नाही. पावती मागत नाही. छत गळत असलं तरी २७,००० वजा होतातच.

इथे मी जरा थांबलो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगितलंय. देवांनी दिलेलं घ्यायचं आणि त्यांना परत काहीच न देता एकट्यानं उपभोगायचं, अशा माणसाला भगवंत तिथे सरळ चोर म्हणतात. कायद्याच्या नजरेत तो २७,००० चा मालक चोर नाही, मुळीच नाही. पण डागडुजीचा वाटा घेतला आणि डागडुजी केलीच नाही, तर तिसऱ्या अध्यायाच्या नजरेत तो कोण, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. आमच्या घरचा हिशेब मी या वर्षीपासून असा ठेवलाय की भाड्यातला तेवढा हिस्सा त्या दोन खोल्यांसाठीच बाजूला. उरला तर पुढच्या वर्षीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला.

सवलतीसाठी चांगलं वागणं हा धर्म आहे का?

आता खरा प्रश्न. समजा उद्या आपल्या नगरपालिकेनं सांगितलं, घरमालकांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या, नीट करार करा, घर नीट ठेवा, घरपट्टीत दहा टक्के सूट. लोक जातील? नक्की जातील. पण सुटीसाठी चांगला झालेला मालक खरंच चांगला का? आपण तर निष्काम कर्म शिकतो. फळावर डोळा ठेवून केलेलं चांगलं काम मोजायचं की नाही?

माझ्या एका मित्राचं मत पक्कं आहे. तो म्हणतो, "सूट बंद झाली की माणूस परत मूळपदावर. हा धर्म नाही, सौदा आहे." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. लाचेनं आलेला चांगुलपणा लाच थांबली की जातो, हे आपण पाहतोच.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. भाडेकरूच्या खोलीतली उघडी वायर सवलतीपोटी बदलली काय किंवा भक्तीपोटी बदलली काय, तिथल्या लहान पोराला शॉक बसायचा तो बसत नाही. ज्याला सेवा मिळाली त्याच्यापुरती ती पूर्ण आहे. अपुरी आहे ती करणाऱ्यासाठी. म्हणजे हेतूचा प्रश्न माझा आहे, भाडेकरूचा नाही. माझा हेतू शुद्ध होईपर्यंत त्यानं ओलीत झोपावं, असं कुठलंच शास्त्र सांगत नाही.

आणि हेतू तरी एका दिवसात कुठे शुद्ध होतो? लहानपणी आपण देवळात कशासाठी गेलो? प्रसादासाठीच ना. पेढ्यासाठी गेलेलं पोर चार वर्षांनी आरतीला टाळ धरतं, आणि मग कधीतरी पेढा संपला असला तरी उभं राहतं. सवलत ही त्या पेढ्यासारखी असू शकते. उंबरठ्यापर्यंत आणते. पुढचं पाऊल आपलं.

शेगावला सेवाधारी पाहिलेत ना? पांढरे कपडे, हात जोडून "माउली, पुढे चला" म्हणणारे. जिल्ह्यातून, जिल्ह्याबाहेरून माणसं पाळीनं सेवेला येतात. भक्त निवासातल्या खोल्या, आनंद विहार, महाप्रसादाच्या पंगती, सगळीकडे ती स्वच्छता दिसते जिचं नवल मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं. संस्थानाची ही घडी बसवण्यात शिवशंकरभाऊ पाटलांचा वाटा किती मोठा होता हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. भाऊ ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले. तिथे बघून मला एक गोष्ट कळली, की सेवा शिकवता येते. रांगेत म्हाताऱ्या बाईशी कसं बोलायचं, फरशी कुठल्या वेळी पुसायची, चादर कधी बदलायची, हे कुणी जन्मतः शिकून येत नाही. भाव आणि पद्धत दोन्ही लागतात. नुसता भाव असेल तर खोलीत झुरळं होतात. नुसती पद्धत असेल तर ते लॉज होतं.

म्हणून घरमालकांच्या वर्गाला हसण्यासारखं काही नाही, या मताला मी आलो.

चाळणी

पण वर्गात काय शिकवतात, हेही बघावं लागतं. पोर्टलंडच्या वर्गांचा जन्म शहरातल्या भाड्याच्या घरांत चालणाऱ्या अमली पदार्थांच्या धंद्याला आळा घालण्यातून झाला होता. त्यामुळे भाडेकरू पारखून घ्या, हा त्यातला मोठा धडा होता. तशाच विचारातून अमेरिकेत पुढे 'गुन्हेमुक्त घरं' नावाचे नियम बऱ्याच शहरांनी केले. त्यावर टीका अशी झाली की नुसत्या संशयावरून माणसं घराबाहेर पडतात, आणि त्यात गरीब आणि काळे लोक जास्त. कॅलिफोर्निया राज्यानं १ जानेवारी २०२४ पासून शहरांना असे नियम करायला मनाईच केली. म्हणजे एकाच वर्गात सांभाळणंही शिकता येतं आणि गाळणंही.

आपल्याकडे ही चाळणी वर्गाशिवायच सगळ्यांना येते. "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न नावासाठी नसतो, आडनावासाठी असतो. "व्हेज का?" हा प्रश्न जेवणासाठी नसतो. "लग्न झालंय?" हा प्रश्नही आपण सगळ्यांनी पुण्या-मुंबईत ऐकलाय.

या उन्हाळ्यात आमच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि हीच चाळणी आमच्या घरात आली. दोन विचारणा होत्या. एक बँकेत नोकरीला असलेलं जोडपं, महिना ६,५०० द्यायला तयार. दुसरी एक नर्स, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, सहा वर्षांची मुलगी बरोबर. तिला ५,५०० परवडत होते. त्याआधी तिला गावात तीन-चार ठिकाणी नकार मिळाला होता, आणि शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते.

आईचा फोन आला. "हे पाहाय बाप्पा, बाई चांगली दिसते. पण उद्या कोनी काही बोललं त मले ऐका लागंन. घर आपलं हाय, गल्ली लोकायची हाय."

मी तिला पुण्यातून उपदेश करू शकलो असतो. पण गल्लीत तिला राहायचंय, मला नाही. तिची भीती खोटी नव्हती. आणि वर्षाला बारा हजारांचा फरक हाही आमच्या घरात लहान आकडा नाही, बाबांची औषधं त्यातच येतात. मग मी बाबांना विचारलं. बाबा फार बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बंकटलालच्या घरी कोन येऊन राह्यलं होतं?"

शेगावच्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात: १८७८ मध्ये महाराज शेगावात प्रकटले तेव्हा ते उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खात होते. ना नाव माहीत, ना गाव, ना जात. अंगावर धड वस्त्र नाही. आजच्या कुठल्याही मालकाच्या चाळणीतून तो माणूस खाली पडला असता. बंकटलाल अग्रवालांनी त्यांना घरी नेलं, ठेवून घेतलं. आणि हेही लक्षात घ्या की महाराज तिथे कायमचे राहिले नाहीत, पुढे ते मारुतीच्या मंदिरात गेले. ज्यानं घर दिलं त्याला पाहुण्यावर मालकी मिळाली नाही. मिळाला तो सहवास.

बाबांचं वाक्य ऐकून एक शंका मला आली, तुम्हालाही येईल. प्रत्येक भाडेकरूत संत शोधायचा का? तसं नाही. संत निघेल म्हणून दार उघडायचं, हाही एक सौदाच झाला. मंत्र म्हणतो सगळ्यात त्याचा वास आहे. संतात आहे आणि भाडं थकवणाऱ्यातही आहे. त्यामुळे समोरचा कोण आहे यावर माझं वागणं ठरत नाही. व्यवहार मात्र नीटच करायचा.

दुसरी बाजूही बघू

हे सगळं वाचून घरमालक वाचकांना वाटेल, सगळा धर्म आमच्याच गळ्यात? भाडेकरू भाडं बुडवतात, खोली सोडत नाहीत, भिंती खराब करून जातात, त्याचं काय? रास्त आहे. मुंबईचा इतिहासच बघा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता, महायुद्धानंतर माणसं उघड्यावर येऊ नयेत. पण पन्नास वर्षं भाडं जवळपास तिथेच राहिलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, त्यानं लक्ष काढलं, चाळी खिळखिळ्या झाल्या. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की प्रमाण भाड्याच्या त्या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी ठरल्या आहेत. घेणाऱ्यानं फक्त घेत राहायचं ठरवलं की देणाऱ्याचा हात आटतो, आणि छत दोघांच्याही डोक्यावर पडतं. यज्ञाचं चक्र दोन्हीकडून तुटू शकतं.

म्हणून भाडेकरूलाही हाच मंत्र आहे. खोली वापर, पण सोडून देत वापर. ती तुझी नाही, जाताना ती दुसऱ्याला देता येईल अशी ठेव. नाहीतरी आपले संत या देहालाच भाड्याचं घर म्हणत आलेत. बोलावणं आलं की रिकामं करायचं. मग वाकडच्या वन-बीएचकेच्या भिंतीत खिळे ठोकताना एवढा विचार करायला हरकत नाही.

काय ठरलं

खोल्या त्या नर्सताईंना दिल्या. ५,५०० मध्येच. उपकार म्हणून नाही, त्यांच्याशीही तसं बोललो नाही. अकरा महिन्यांचा करार केला आणि रीतसर नोंदणी केली, कारण लेखी करारात दोघांचीही लाज राखली जाते. अनामत दोन महिन्यांची. कुठली दुरुस्ती कुणाकडे, ते कागदावर लिहिलं. विजेसाठी वेगळं सबमीटर आहे, युनिटचा भाव महावितरणच्या बिलाप्रमाणेच. उन्हाळ्यात नळ काही दिवसाआड येतो तेव्हा टाकीतलं पाणी दोन घरांत कसं वाटायचं, तेही लिहिलं. वर जायचं असेल तर आधी फोन करून विचारायचं, हे मी बाबांना सांगितलं. त्यावर बाबा म्हणाले, "माझ्याच घरात विचारून जाऊ?" मग स्वतःच हसले.

आईनं करारात नसलेली एक अट घातली. मुलीला शाळेतून यायला आणि ताईंच्या ड्युटीला मेळ बसणार नाही त्या दिवशी पोरगी खाली आमच्याकडे बसेल. गल्लीतल्या एका काकूंनी विचारलंच, "तिचा नवरा कुठं असतो?" आई म्हणाली, "मले काय मालूम? मी भाडं पाहतो, नवरा नाही." मला हे बाबांनी सांगितलं. आईनं सांगितलं नाही.

पुढे सगळं गोड होईल असं मी लिहिणार नाही. कदाचित भाडं उशिरा येईल, कदाचित गल्ली अजून बोलेल, आणि बारा हजारांची जुळवाजुळव मला पुण्यातून करावी लागतेच आहे. 'सोडून देत उपभोग घे' या शब्दांचा हिशेब पहिल्यांदा मला रुपयांत करता आला. दर महिन्याला एक हजार. कायदा हे एक हजार मागत नव्हता, कुठल्याही शहराची सवलत ते भरून देणार नव्हती. कायदा आणि प्रशिक्षण मला वायर, पावती, करार, अनामत इथपर्यंत आणून सोडतात, आणि तिथपर्यंत येणंही थोडं नाही. पण दार कुणाला उघडायचं, हे विचारताना मात्र मंत्राशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

आजचा संकल्प छोटाच घेऊ या.

ज्यांच्या घरी भाडेकरू आहेत त्यांनी आज घरी फोन करून विचारा: वरच्या खोलीत काही गळतंय का, काही तुटलंय का, पावती देतो का आपण? आणि मागच्या वेळी कुणाला नाही म्हटलं होतं, कशावरून?

जे भाड्यानं राहतात त्यांनी आज खोलीकडे एकदा पाहा. उद्या सोडायची झाली तर ती पुढच्याच्या हातात कशी जाईल? घरमालकाचा राग असेल तर तो बाजूला ठेवून पाहा. राग खरा असू शकतो, पण पुढे येणाऱ्या माणसाचा त्यात काही दोष नाही.

आणि दोन्ही असणाऱ्या आपल्यासारख्यांनी एक प्रयोग करा. पुण्याच्या मालकाला जो मेसेज पाठवता, तोच मेसेज गावाकडच्या भाडेकरूनं आपल्याला पाठवला असं समजून वाचा, आणि मग उत्तर लिहा.

उद्या दुसरा मंत्र. कर्म करत करतच शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरावी, असं तो सांगतो. तोवर सगळ्यांच्या डोक्यावर छत राहो, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

जय गजानन!